सात नंबरच्या डब्याजवळची क्रॅनबेरी

त्या मंगळवारच्या बैठकीतून रवींद्र देवपुजारींना तीन गोष्टी मिळायच्या होत्या. एक, त्यांची बावीस वर्षं जपलेली आलेखाची रेघ हवामानबदलावरच्या मोठ्या अहवालात जशीच्या तशी जाणार होती. दोन, जूनमध्ये ते निवृत्त झाले की बोर्डवॉकच्या, म्हणजे दलदलीवरच्या फळ्यांच्या वाटेच्या, तोंडाशी त्यांच्या नावाची पितळी पाटी लागणार होती. आणि तिसरी गोष्ट ते घरातही बोलून दाखवत नसत: आपण चुकलो नव्हतो, हे पांढऱ्यावर काळं होऊन मिळणार होतं. माणूस साठीच्या पुढे गेला की ही तिसरी गोष्ट पहिल्या दोहोंपेक्षा जड भरते.

त्यांच्या विद्यार्थिनीला, इलाला, एकच गोष्ट मिळायची होती. बत्तीस पानांचं तिचं प्रकरण त्याच अहवालात गेलं, तर पीएचडी. नाही गेलं, तर चार वर्षं मिनेसोटाच्या डासांना रक्त पाजल्याचा अनुभव.

रवींद्रांच्या पत्नीला, सुवर्णाकाकूंना, काहीच मिळायचं नव्हतं. बाहेरून येणाऱ्या तीन तज्ज्ञांसाठी त्यांनी कोथिंबीर भरलेल्या नागपुरी सांबारवड्यांचे दोन ट्रे पाठवले होते, सोबत कढी, आणि ट्रेवर चिकटपट्टीने लावलेली चिठ्ठी: 'गरम करून खाणे, मायक्रोवेव्ह नको.'

इला मूळची अमेरिकेतल्याच, पण दक्षिणेकडच्या कॅरी गावाची. म्हणजे जन्म तिथला, शाळा तिथली. वडील अमित तिथल्या औषध कंपनीत. रवींद्र नागपूरला कॉलेजात त्यांना दोन वर्षं सीनियर. मुलीला मिनेसोटात, डलुथ शहराच्याही वर दोन तास, दलदलीच्या काठच्या संशोधन केंद्रात जायचंय म्हटल्यावर आईने आधी नकाशा पाहिला, मग तापमान पाहिलं आणि डोळ्यांना पदर नव्हता म्हणून किचन टॉवेल लावला. अमित म्हणाले, "रवींद्र प्रमुख आहे ना तिथे. काळजी संपली."

तेव्हापासून इलाचे दोन रवींद्र झाले. केंद्रावर सगळे एकमेकांना नावाने हाक मारत, पण तिच्या तोंडून 'रवींद्र' निघेना आणि 'काका' तिथे शोभेना. म्हणून केंद्रावर ती त्यांना हाकच मारत नसे. टेबलासमोर जाऊन उभी राही. रविवारी मात्र त्यांच्या घरी खिचडी खायला गेली की दारातूनच "काका, बूट कुठे काढू" सुरू होई. दोन माणसं एकाच शरीरात राहतात एवढं तिला कळत होतं. त्या दोघांचं आपसात बोलणं असतं, हे तिने धरलं नव्हतं.

दलदलीचं म्हणाल तर तिचा स्वभाव साधा. वरती शेवाळ वाढतं, खालचं मरतं, आणि मेलेलं कुजत नाही, कारण खाली गारठा आणि पाणी. असं हजारो वर्षं थरावर थर साठत जातं. त्याला पीट म्हणतात. आत गेलेला कार्बन सहसा बाहेर सोडायचा नाही, इतकी ती चिक्कू. प्रश्न एवढाच होता, की तिला ऊब लागली तर हा चिक्कूपणा टिकतो का.

ते बघायला केंद्राने दहा जागा आखल्या होत्या. पाच जागांभोवती काचेच्या भिंती, वर आकाश मोकळं, आत गरम हवा सोडलेली. सगळ्यांत कमी तापवलेली खोली बाहेरपेक्षा दोन अंशांनी उबदार, सगळ्यांत जास्त तापवलेली नऊ अंशांनी. उरलेल्या पाच जागा तुलनेसाठी मोकळ्या ठेवलेल्या. प्रत्येक जागेत शेवाळावर एक पारदर्शक डबा. दर अर्ध्या तासाने डब्याचं झाकण आपोआप बंद होई, आतला कार्बन डायऑक्साइड वाढला की घटला, मिथेन किती आला, हे मशीन हुंगून लिहून ठेवी आणि झाकण पुन्हा उघडे. इलाचं काम या दहा डब्यांची देखभाल आणि त्यांनी लिहिलेल्याचा अर्थ लावणं.

केंद्राचा पहिला नियम: फळ्यांची वाट सोडून पाय टाकायचा नाही. दलदल म्हणजे भिजलेला स्पंज. जवळपास पाय पडला की खाली अडकलेले मिथेनचे बुडबुडे भसाभस वर येतात आणि डबा ते इमानदारीने लिहून ठेवतो. बुडबुडा उबेने आला की बुटाने, ते डब्याला कळत नाही.

रवींद्रांच्या रेघेचं म्हणणं असं: ऊब वाढली की खालचं कुजणं वाढेल, कबूल. पण उन्हाळा लांबला की वरची झुडपं आणि स्प्रूसची झाडंही जास्त वाढतील, जास्त कार्बन ओढतील. बेरीज शून्याच्या आसपास. ही रेघ त्यांनी चाळिशीत ओढली होती आणि तिच्यावर ते जगभर फिरून आले होते.

इलाच्या बत्तीस पानांचं म्हणणं वेगळं होतं. उबदार खोल्यांत शेवाळ वाळून पांढरं पडत होतं. खालचं भराभर कुजत होतं. झुडपं माजली होती खरी, पण त्यांची ओढ गळतीला पुरत नव्हती. स्प्रूसना तर मार्चच्या सुरुवातीलाच वसंत आल्याचा भास व्हायचा, पालवी फुटायची, आणि एखाद्या रात्री उत्तरेकडून थंडी खाली उतरली की ती सगळी करपून जायची. खोली जितकी गरम, तितकी गळती मोठी. घेणारी दलदल देणारी झाली होती.

या प्रकरणात एकच खोट होती, आणि ती इलालाही माहीत होती. मोकळ्या जागांच्या डब्यांत दर ऑक्टोबरात मिथेनचे डोंगर दिसत. दोनतीन दिवस, काही तासांचे, उंच. त्यामुळे मोकळी जागाही बरीच गळते असं वाटे आणि उबदार खोल्यांशी फरक निम्म्याने कमी दिसे. वर आणखी एक गंमत. ऑक्टोबरच्या अखेरीला बर्फाआधी डबे उचलून आत ठेवत. मग हिवाळ्याचे पाच महिने गळती किती, याचा अंदाज शेवटच्या दोन आठवड्यांच्या सरासरीवरून काढायचा. सूत्र रवींद्रांचंच, पंधरा वर्षांपूर्वीचं. म्हणजे ऑक्टोबरातला डोंगर काही तासांचा, पण सावली थेट मार्चपर्यंत.

बैठकीत पॅनेलच्या अध्यक्ष लिंडग्रेनबाईंनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "हे डोंगर कशाचे?"

इला म्हणाली, "अजून माहीत नाही. हवेचा दाब, पाण्याची पातळी, सगळं तपासलं. जुळत नाही."

"रवी, तुमचं काय मत?"

रवींद्रांनी चष्मा काढून पुसला. ते सौम्य बोलत, आणि त्या दिवशी नेहमीपेक्षा सौम्य बोलले. "इला अतिशय मेहनती मुलगी आहे. पण तिने स्वतः मला सांगितलंय, की सात नंबरच्या डब्याजवळ ती फळी सोडून दलदलीत उतरली होती. चार वर्षं एकटीने काम केल्यावर असं होतं. मी तिला दोष देत नाही."

इलाला आधी कळलंच नाही कुठल्या गोष्टीबद्दल चाललंय. मग कळलं. गेल्या वर्षीच्या मे महिन्यातला एक रविवार. देवपुजारींचं स्वयंपाकघर. हीटरवर तिचा एक ओला मोजा वाळत होता. काकांनी विचारलं होतं, "एकच कसा ओला?" आणि तिने खिचडीचा घास गिळत सांगितलं होतं, "पाय स्लिप झाला काका, सात नंबरपाशी, गुडघ्यापर्यंत आत. तिथेच वहीत लिहिलं, त्या दिवसाचं रीडिंग डिलीट केलं." काका मोठ्याने हसले होते. "अगं, मी सोळा वेळा बुडालोय. एकदा तर बूट अजून खालीच आहे. हजार वर्षांनी कुणाला तरी सापडेल." काकू म्हणाल्या होत्या, "हजार वर्षांचं नंतर बघा. तू आधी पाय धू."

"एकदाच," इला पॅनेलला म्हणाली. "मे महिन्यात. हे डोंगर ऑक्टोबरचे आहेत. आणि माझा पाय मोकळ्या जागेत पडला होता. त्याने माझाच फरक कमी झाला असता, वाढला नसता."

"एकदाचं तुमच्या लक्षात आलं, बाकीचं कदाचित नाही," लिंडग्रेनबाई न रागावता म्हणाल्या. न रागावता म्हणाल्या हेच वाईट. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं.

तज्ज्ञांनी सांबारवड्या संपवल्या, त्यातल्या एकाने रेसिपी मागितली, आणि निर्णय झाला: मोकळ्या जागांची चारही वर्षांची मोजमापं शंकास्पद. डोंगरांचं कारण सहा आठवड्यांत पुराव्यासह कळवलं तर फेरविचार, नाहीतर प्रकरण अहवालाबाहेर.

पार्किंगमध्ये इला काकांच्या गाडीपाशी जाऊन उभी राहिली. सवयीने हाक न मारता.

"मनाला लावून घेऊ नकोस," ते म्हणाले. "तू तरुण आहेस. एक वर्ष पुढे गेलं तर काही बिघडत नाही. माझ्याकडे वर्षं उरलेली नाहीत."

"मी तुम्हाला ते घरी सांगितलं होतं, काका."

"मग?" त्यांनी किल्ली फिरवली. "घरचं खरं वेगळं आणि ऑफिसचं खरं वेगळं असतं का? डेटा इज डेटा."

वाक्य स्वच्छ होतं. ती ते बरोबर घेऊन गेली.

चार दिवस ती खोलीतून फारशी बाहेर पडली नाही. पाचव्या दिवशी कॅरीला परत जायचं ठरवून तिने सामान काढलं. देव मदतीला आला. देव हा केंद्राचा मशीन दुरुस्त करणारा, वाढलेला अमेरिकेतच, अर्विंग गावात. मराठी आईकडून शिकला आणि त्यातलं निम्मं विसरला.

"यार, तुझ्याकडे कपडे कमी, बरण्या जास्त," तो म्हणाला. "हे काय, म्युझियम?"

बरण्या काकूंच्या. दर शरदात काकू दलदलीतल्या जंगली क्रॅनबेरीचं, त्या करवंदासारख्या आंबट लाल फळाचं, लोणचं घालत. मोहरी, हिंग, थोडा गूळ. इलाच्या वाट्याला वर्षाला तीन बरण्या येत. रिकाम्या झाल्या की ती त्यांत डाळी भरे. लेबलं काढायची राहून गेली होती.

"हे काय लिहिलंय? वाचून दाखव. मला मोडी वाटतं."

"मोडी नाही रे, काकूंचं अक्षर." तिने मुगाची बरणी हातात घेतली. "क्रॅनबेरी. सात नंबरच्या डब्याजवळची. बारा ऑक्टोबर."

काकूंचं माहेर काटोलचं, संत्र्यांच्या बागांचं. तिथे पेटीवर चिठ्ठी लागे: कुठल्या तुकड्यातली, कुठल्या दिवशी तोडलेली. चव तुकड्यागणिक बदलते, आणि तक्रार आली तर कळायला हवं कुठल्या झाडाला जाब विचारायचा. ती शिस्त काकूंनी मिनेसोटापर्यंत आणली होती.

इलाने तुरीची बरणी उचलली. 'तीन नंबरच्या डब्याच्या मागची. चौदा ऑक्टोबर.' मसुरीची. हरभऱ्याची. प्रत्येकीवर सालही. बारा बरण्या, चार वर्षं. लॅपटॉप सामानात गेला होता, तो पुन्हा काढला.

देव बाजूला बसून बघत राहिला. पहिली तारीख जुळली तेव्हा तो जरा पुढे सरकला. पाचवी जुळली तेव्हा म्हणाला, "नो वे." बारावी जुळल्यावर त्याने फक्त मुगाची बरणी तिच्यापासून जरा लांब, सुरक्षित जागी सरकवली. डोंगर आणि बरण्या, एकही तारीख इकडची तिकडे नाही. थंडीचा पहिला तडाखा बसला की क्रॅनबेरीला गोडी येते. काकू नेमक्या तेव्हा, सुट्टीच्या दिवशी, केंद्रात कुणी नसताना फळी सोडून शेवाळात उतरत. आणि उबदार खोल्यांत उतरायचं कारणच नव्हतं.

तिला काकूंचंच एक वाक्य आठवलं. तीन वर्षांपूर्वी पोळी लाटताना म्हणाल्या होत्या, "त्या काचेच्या खोल्यांत आता काही मिळत नाही गं. पूर्वी मिळायच्या. शेवाळच मेलं, बेरी कशाला राहील?" बत्तीस पानांचं सार काकूंनी एका पोळीत सांगितलं होतं. इलाने तेव्हा फक्त पोळी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, रवींद्र केंद्रावर असताना, ती बारा धुतलेल्या बरण्या पिशवीत घालून काकूंकडे गेली.

"अगं बाई, धुऊन आणल्यास," काकू खुश झाल्या. "तुझ्या पिढीत बरणी परत करणारी तू एकटी. चहा टाकते. त्या बैठकीचं काय झालं गं? यांनी काही सांगितलं नाही. नुसतं 'छान झाली' म्हणाले. यांचं 'छान' म्हणजे मला काही कळत नाही."

म्हणजे काकूंना माहीत नव्हतं. इलाने कपाकडे बघत म्हटलं, "छान झाली, काकू."

मग बरण्या टेबलावर मांडून विचारलं, "या तारखा तोडल्याच्या, की लोणचं घातल्याच्या?"

"तोडल्याच्या. घातल्याच्या कशाला लिहू?"

"नक्की?"

"इला, मी तारीख चुकीची लिहीन?" काकूंना ते लागलं. त्यांनी एकेक बरणी हातात घेऊन साक्ष द्यायला सुरुवात केली. "ही बघ, ही सातजवळची, तिथे लहान पण आंबट. त्या वर्षी माझा गुडघा दुखत होता, तर हे आले बरोबर. बादली धरून फळीवर उभे. मला म्हणतात, लवकर आटप, झाकण बंद व्हायची वेळ झाली. जसं काही ते झाकण मला आत घेऊन बंद होणार."

"काका फळीवर उभे होते?"

"मग काय शेवाळात उतरतील? त्यांचाच नियम ना. मी विचारलं होतं हो पहिल्या वर्षी, चालेल का म्हणून. म्हणाले, तुझं वजन ते काय, जा." काकू हसल्या. "लग्नाला पस्तीस वर्षं झाली, माझ्या वजनाबद्दल एवढं एकच चांगलं बोललेत."

इला वहीत लिहून घेत होती. तारीख, डबा, साधारण किती वेळ.

"एवढं कशाला लिहितेस गं?"

इथे इलाला दोन वाटा होत्या. एक, वही मिटून सगळं सांगायचं आणि विचारायचं: काकू, मी हे वापरू का? दुसरी सोपी होती.

"रेसिपीसाठी," ती म्हणाली. "कुठली बेरी आंबट, ते कळायला नको का?"

"वेडी," काकू म्हणाल्या, आणि फ्रिजच्या मागच्या कप्प्यातून तेरावी बरणी काढून तिच्या पिशवीत घातली.

केंद्राच्या फॉर्मात 'शेरा' नावाचा एक रकाना असतो. मोजमाप बाद करायचं तर कारण तिथे लिहावं लागतं. इलाने आधी लिहिलं, 'प्राण्याचा वावर'. मूस नावाचं सांबरासारखं जनावर दलदलीत येतंच, कुणी शंका घेतली नसती. पण मूस लेबल लावत नाही, आणि लिंडग्रेनबाईंना पुरावा हवा होता. मग लिहिलं, 'मनुष्याचा वावर'. कुठल्या मनुष्याचा, हे तपासणीत पहिल्याच मिनिटाला विचारलं गेलं असतं. शेवटी तिने लिहिलं: 'बेरी तोडणे, सौ. सुवर्णा देवपुजारी. तारखा बरण्यांच्या लेबलांवरून, छायाचित्रं सोबत. केंद्रप्रमुखांना माहिती होती. आधार: त्यांच्या घरी झालेलं संभाषण.'

पाठवायच्या आधी देवने ते वाचलं. "काकूंना सांगितलंस?"

"डेटा इज डेटा," ती म्हणाली. वाक्य तिच्याही तोंडी स्वच्छच वाटलं.

पुढचं सगळं भराभर झालं. डोंगर बाद झाले, हिवाळ्याचा अंदाज नव्याने निघाला, आणि उबदार खोल्या आणि मोकळ्या जागा यांच्यातला फरक दुपटीच्या जवळ गेला. मोकळी दलदल अजून थोडं थोडं साठवत होती. तापवलेली सोडत होती, हिवाळाभरही. लिंडग्रेनबाईंनी दोन ओळींची मेल पाठवली: प्रकरण अहवालात, अभिनंदन. रवींद्रांची रेघ परिशिष्टात गेली, खाली बारीक टीप घालून.

नियम मोडल्याची चौकशी मात्र करावीच लागली. ती दोन बायकांनी आणि एका पुरुषाने व्हिडिओवर चाळीस मिनिटांत उरकली. रवींद्र म्हणाले, पत्नी बेरी तोडते हे माहीत होतं, पण नेमकी कुठे, ते माहीत नव्हतं. बादलीचं कुणी विचारलं नाही. शेऱ्यातलं ते वाक्य 'घरगुती संभाषण, पडताळता येत नाही' म्हणून खोडण्यात आलं. लेबलं मात्र पडताळता येत होती. अक्षर काकूंचं होतं, त्यांनी ते कबूलही केलं, वर विचारलं, पुरावा म्हणून घरून नेलेल्या बरण्या परत मिळतील का. केंद्राने त्यांच्या नावाने पत्र काढलं: बोर्डवॉकवर आणि दलदलीच्या हद्दीत यापुढे प्रवेश नाही. बावीस वर्षांत त्यांच्या नावाने केंद्राकडून आलेलं ते पहिलंच पत्र.

जूनमध्ये निरोपसमारंभ ठरल्याप्रमाणे झाला. पाटी आधीच घडवलेली होती, आणि पितळेवर टीप घालता येत नाही. ती बोर्डवॉकच्या तोंडाशी, पहिल्या फळीपाशी लावली होती. लोक फळ्यांवर उभे राहिले. रवींद्र सौम्य बोलले. म्हणाले, विज्ञान म्हणजे आपल्या विद्यार्थ्यांकडून हरायची तयारी, आणि इलाकडे बघून टाळी वाजवली. सगळ्यांनी वाजवली. त्यात त्यांचं काही गेलं नाही, उलट मोठेपणाची थोडी भरच पडली.

इलाने गर्दीत काकूंना शोधलं. मग हद्दीचं आठवलं.

त्या पार्किंगमध्ये गाडीत बसल्या होत्या. काच खाली, मांडीवर पर्स, अंगावर ठेवणीतली हिरवी साडी. समारंभ तिथून दिसत नव्हता, टाळ्या ऐकू येत होत्या.

"झालं का भाषण?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"आम्ही मे महिन्यात दोनदा बसून लिहिलं. 'हरायची तयारी' माझं होतं. बरं वाटलं का ऐकताना?"

काकूंनी पर्समधून एक कागद काढला, चार घड्यांचा. वर त्यांच्या अक्षरात तारीख होती.

"रेसिपी हवी होती ना तुला. घे. मोहरीची डाळ आधी फेसून घे, नाहीतर कडू होईल."

"काकू, मी..."

"मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं गं," काकू म्हणाल्या. आवाज चढला नाही. "त्या तज्ज्ञांसमोर येऊन सांगितलं असतं. मला काय, माझी कुठे पाटी लागायची होती? हे बादली धरून उभे होते तेही सांगितलं असतं. विचारायचं होतंस फक्त. यांनीही नाही विचारलं, तूही नाही. दोघांनी माझ्याच स्वयंपाकघरातून उचललं."

फळ्यांवरून लोक परत येऊ लागले होते. काकूंनी काच वर केली. साडीचा रंग काचेमागे जरा गडद दिसला, एवढंच.

तेव्हा जमा अशी. रवींद्र देवपुजारींना पाटी मिळाली, टाळ्या मिळाल्या, आणि आपण मोठ्या मनाने हरलो असं आयुष्यभर सांगायला एक गोष्ट मिळाली. इलाला बत्तीस पानं मिळाली, नावामागे डॉक्टर मिळालं, आणि एक रेसिपी, जिच्यासाठी लागणारी बेरी तोडायची तिला परवानगी नाही. लिंडग्रेनबाईंना अहवाल मिळाला. दलदलीला काहीच मिळालं नाही. काचेच्या खोल्यांत ती हजारो वर्षांचं साठवलेलं सोडते आहे, आणि खोल्यांबाहेरही दर वर्षी थोडी उबदार होते आहे.

भरलं कुणी, तर सुवर्णाकाकूंनी. चार वर्षांच्या बारा तारखा, एकही न चुकवता. ज्यांना यातून काहीच मिळायचं नव्हतं, त्यांनीच सगळं भरलं. वर तेरावी बरणी पदरची दिली.